गल्लीतली सातवी चूल

३ ऑक्टोबर २०१६ रोजी कास्तेलरोवो या डोंगरी गावच्या नगरपालिकेने फलकावर त्या हिवाळ्याच्या लाकडाचा दर लावला: दर चुलीमागे तीस क्विंटल, किंमत एकशे बारा युरो चाळीस सेंट. बाजारात तेवढ्याच लाकडाला चारशे पडत होते. अट जुनीच होती. महिनाअखेरीस ज्याचे नाव गावच्या रहिवाशांत असेल, त्याच्याच घराला चूल म्हणायचे. मग नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी चिठ्ठ्या टाकून जंगलाचे वाटे पाडायचे.

लिबेराताने कागद वाचला आणि शेजारी उभ्या असलेल्या बिर्टेच्या कमरेत कोपर खुपसले.

"बघ, यंदा तुझीही चिठ्ठी. नशीब असलं तर रस्त्यालगतचा वाटा मिळेल. नसलं तर डोंगरामागचा. मग लाकडं वाहताना मला शिव्या घालशील."

"मला अजून शिव्या येत नाहीत," बिर्टे म्हणाली.

"त्या मी शिकवते. आधी लाकूड तर येऊ दे."

लिबेराता तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. वरच्या गल्लीत, चढावरच्या तिसऱ्या घरात एकटी राहायची. नवरा ओत्ताव्यो जाऊन नऊ वर्षे झाली होती. दोघांनी तरुणपण बेल्जियममध्ये, कोळशाच्या खाणीजवळच्या वस्तीत काढले होते. गावी परतताना ओत्ताव्योने तिथला खोकला आणला आणि लिबेराताने एक सवय. गावात कुणी परका राहायला आला की ती पहिल्या दिवशी त्याच्या दारात उभी राहायची. हातात अंडी, आणि तोंडात सूचना.

परदेशी माणसे चौकशीला नगरपालिकेत जात, पण उत्तरे त्यांना लिबेराताच्या ओट्यावर मिळत. गॅसची गाडी गुरुवारी येते, पण रिकामी टाकी दाराबाहेर दिसली नाही तर थांबत नाही. थंडीआधी अंगणातला नळ बंद करून पाइप रिकामा करायचा. धुराडे सप्टेंबरात झाडून घ्यायचे, कारण नंतर झाडणारा सापडत नाही. कुणी वाडगाभर टोमॅटो दिले तर वाडगा रिकामा परत करायचा नाही. आणि लाकूड विकणारा 'वाळलेलं आहे' म्हणाला तर दोन ओंडके एकमेकांवर आपटून आवाज ऐकायचा. एका इंग्रज जोडप्याने हे सगळे हसत ऐकले आणि त्यातले काहीच केले नाही. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांचे पाइप फुटले. घर विकायला काढून ते निघून गेले, तेव्हा लिबेराता दोन दिवस कुणाशी धड बोलली नव्हती.

तिच्या लहानपणी त्या गल्लीत तीस धुराडी धुरायची. आता सहा उरली होती. सातवे मागच्या हिवाळ्यापासून बिर्टेचे, पण ते टिकेल याची खात्री नव्हती.

बिर्टे मोर्टेन्सन डेन्मार्कची. आयुष्यभर तिने माणसे आणि मोटारी वाहणाऱ्या बोटीवर स्वयंपाक केला, आणि निवृत्तीच्या पैशातून गल्लीतले बंद पडलेले छोटे घर घेतले. गावाने तिचे नाव 'डेन्मार्कवाली' ठेवले. पेन्शन बेताची होती. मागचा हिवाळा तिने बाजारभावाचे लाकूड जाळून काढला होता आणि तेवढ्याने शिलकीला भोक पडले होते. यंदा जंगलातला वाटा मिळाला नाही तर घराला कुलूप लावून बहिणीकडे जायचे, हे तिने लिबेराताला स्पष्ट सांगितले होते. हिवाळ्यापुरते गेलेले माणूस परत येत नाही, हे लिबेराताने पुष्कळदा पाहिले होते.

रहिवासाचा अर्ज बिर्टेने सप्टेंबरातच दिला होता. उरली होती ती तपासणी. नगरपालिकेचा पोलीस घरी येऊन माणूस खरेच तिथे राहते का ते पाहतो आणि तसे लिहून देतो, मगच नाव पक्के होते. जुना पोलीस साबातीनो चढावर कधी यायचाच नाही. बारमध्ये कॉफी घेता घेता चार जणांना विचारायचा आणि सही करायचा. तो निवृत्त झाल्यावर तीन गावांना मिळून एकच पोलीस आला, खालच्या शहरातला ग्वेरीनो तास्सी. जाडजूड, पन्नाशीचा, पायऱ्या चढताना धापा टाकणारा, पण चढणारा.

"घंटेवर माझं नाव लावायला हवं का?" बिर्टेने एकदा विचारले होते. दारावरच्या घंटेवर अजून आधीच्या, मेलेल्या मालकाचे नाव होते.

"कशाला पैसे घालवतेस?" लिबेराता म्हणाली होती. "पोस्टमन तुला ओळखतो, पावाची गाडीवाली ओळखते, पाद्री ओळखतो. आणखी कोण यायचंय तुझ्याकडे?"

ऑक्टोबरच्या मध्यावर एका संध्याकाळी बिर्टे चेस्टनट वेचून परतली, तर लिबेराता दारातच उभी होती. चेहरा खुललेला.

"बस आधी. आज मी तुला वाचवलं."

"कशातून?"

"वर्दीवाला आला होता. मागच्या आठवड्यातही आला होता, मी तुला बोलले नाही, उगाच घाबरशील म्हणून. घंटा वाजवली, खिडकीतून डोकावला. मी वर शेंगा सोलत होते. म्हणतो, 'बाई, इथं डेन्मार्कची कुणी राहते का?' मी म्हटलं, 'इथं? इथं कोण राहणार? वर्षानुवर्षं बंद आहे घर.' समोरच्या घरातून आर्मान्दोनं पण सांगितलं, 'उंदीर राहतात.' गेला बिचारा पाय ओढत."

बिर्टेने चेस्टनटची पिशवी खाली ठेवली.

"लिबेराता," ती म्हणाली, "तो मला बघायला आला होता. मी इथे राहते, ते बघायला."

लिबेराता हसता हसता थांबली. मग स्वतःच पायरीवर बसली.

त्या गल्लीत वर्दीला खरे सांगायची पद्धतच नव्हती. विनापरवाना गाळलेली दारू, न नोंदवलेले डुक्कर, टीव्हीचा न भरलेला कर, सैन्यातून पळून आलेला कुणाचा तरी आजा, असल्या गोष्टींनी ती पद्धत पिढ्यान्‌पिढ्या पक्की केली होती. वर्दी दिसली की शेजारच्या घरात कुणी राहत नसे. परक्याबद्दल मात्र सगळे बिनदिक्कत सांगत. त्या इंग्रज जोडप्याबद्दल विचारले तेव्हा ते कुठल्या खोलीत झोपतात इथपर्यंत सांगितले होते. बिर्टेसाठी सगळी गल्ली खोटे बोलली, याचा अर्थ बिर्टे गल्लीची झाली होती. फक्त त्यामुळेच ती आता गावची होणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोघी नगरपालिकेत गेल्या. नोंदणीच्या खिडकीत निवेस होती, लिबेराताच्या मावसबहिणीची सून.

"मावशी, त्यानं लिहून दिलंय. दोनदा गेलो, घर बंद, घंटेवर दुसऱ्याचं नाव, शेजारी म्हणतात कुणी राहत नाही. मी काय करू?"

"फाडून टाक."

"मावशी!"

"बरं, नको फाडू. त्याला परत बोलाव."

"बोलावते. पण तो संशयानं येणार. उन्हाळ्यापुरती येणारी माणसं सवलतीसाठी रहिवासी म्हणवतात, त्याला त्यांचा राग आहे. एक दिवस घरात बसून दाखवलं तर तो मानणार नाही. आणि महिना संपला की वाट्यांची यादी बंद. मग माझ्याही हातात काही नाही."

परतताना लिबेराता चढावर दोनदा थांबली. दम लागला म्हणून नव्हे. हार्डवेअरच्या दुकानात शिरून ती काहीतरी बोलून आली.

ग्वेरीनो तास्सी गुरुवारी आला, गॅसच्या गाडीच्या मागोमाग. बिर्टेच्या दाराबाहेर रिकामी टाकी होती, आणि घंटेवर पितळेची नवी पाटी: मोर्टेन्सन. त्याने पाटीवर बोट फिरवले.

"ही कालची दिसते."

"हो," बिर्टे म्हणाली. तिला खोटे बोलता येत नव्हते. "काल लावली."

त्याने आत जाऊन चूल पाहिली, कपाट पाहिले. "सामान कुणाच्याही घरात असतं, बाईसाहेब. शेजारी काय म्हणाले ते माझ्याकडे लिहिलेलं आहे."

"फौजदार!"

लिबेराता रस्त्यात येऊन उभी होती. एप्रन काढलेला, केस विंचरलेले. समोरच्या खिडकीतला आर्मान्दो झटकन मागे सरकला.

"मी फौजदार नाही, बाई."

"तू कुणाचा?"

"खालच्या पिठाच्या गिरणीवाल्या तास्सीचा."

"म्हणजे एर्मीनियाचा. तुझी आई माझ्याबरोबर नाचलेली आहे जत्रेत. ऐक, एर्मीनियाच्या. ही बाई इथं राहते."

"तुम्हीच मला सांगितलंत..."

"खोटं सांगितलं."

गॅसवाल्याने टाकी खांद्यावरून उतरवलीच नाही.

"सरकारी माणसाला खोटं सांगणं गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. लिही माझं नाव. पण आधी दुसरं लिही. ही सकाळी माझ्याआधी खिडकी उघडते. कॉफी करते, ती भांडी धुतल्याच्या पाण्यासारखी, वास माझ्यापर्यंत येतो. कागदाचा कचरा उचलायच्या दिवशी काचेचा बाहेर ठेवते, आणि मला खाली जाऊन तो उचलावा लागतो. चड्ड्या रस्त्याच्या बाजूला वाळत घालते. फेब्रुवारीत मी तापानं पडले होते तेव्हा हिनं रोज सूप आणलं. अळणी. मी प्यायले. बर्फ पडला तेव्हा आधी माझी पायरी साफ केली, मग स्वतःची. उन्हाळ्यापुरतं येणाऱ्यांना बर्फ कसा उचलायचा ते ठाऊक असतं का?"

लिबेराताचा आवाज खाली आला.

"बेल्जियममध्ये माझ्या दारातही असाच एक आला होता. मला त्याची भाषा येत नव्हती. शेजारची बाई बाहेर आली. तिला मी धड नमस्कारही करत नव्हते. ती म्हणाली, 'ही इथंच राहते, रोज हिच्या कांद्याचा वास येतो मला.' तेवढ्यावर त्यानं लिहिलं. आम्ही सोळा वर्षं राहिलो तिथं."

"बाहेर या हो, आर्मान्दो," ग्वेरीनो खिडकीकडे पाहून म्हणाला. "उंदरांचं काय?"

आर्मान्दोचे डोके वर आले. "उंदीर... उंदीर गेले, साहेब. डेन्मार्कवाली आल्यापासून नाहीत."

गॅसवाला हसला, मग ग्वेरीनोही. पायरीवर बसून त्याने गुडघ्यावर कागद ठेवला आणि लिहू लागला. लिबेराता शेजारी ताठ उभी होती, आपले नाव लिहिले जाईल म्हणून. त्याने लिहिले ते एकच नाव, बिर्टेचे. उठताना म्हणाला, "आईला सांगतो, तुम्ही भेटलात म्हणून."

"आणि सांग, ती नाचताना पाय तुडवायची."

महिना संपण्याआधी निवेसने नाव पक्के केले. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बिर्टेने टोपीतून चिठ्ठी काढली. वाटा निघाला डोंगरामागचा, सगळ्यांत लांबचा. सभागृहात हशा पिकला. बिर्टेने चिठ्ठी पुन्हा एकदा पाहिली आणि गावच्या बोलीत एक शिवी हासडली, अगदी अस्सल. सगळ्यांनी माना वळवून लिबेराताकडे पाहिले. ती छताकडे बघत होती.

लाकूड उतरवायला आर्मान्दोने खेचर दिले. डिसेंबरात गल्लीत सात धुराडी धुरत होती. लिबेराता सकाळी खिडकी उघडून आधी सातव्याकडे पाहायची, मग स्वतःची चूल पेटवायची.

पितळी पाटी लिबेराताने उधारीवर आणली होती. तिचे साडेसहा युरो हार्डवेअरवाल्याला तिच्याकडून अजून येणे आहेत.