गडावरचं भुयार आणि आत्याची भाकर

आमच्या गावामागच्या गडात एक भुयार होतं. वेढा पडला तर राजाच्या बायकामुलांना निसटता यावं म्हणून ते खोदलेलं, आणि ते थेट जव्हारच्या राजवाड्यात निघतं, असं सगळे छातीठोक सांगायचे. बघितलं कुणीच नव्हतं. माझ्या आत्याचा नवरा एकदा पैजेनं मशाल घेऊन आत शिरला आणि परत आलाच नाही. बाहेरच्यांनी हाका मारल्या, मग वाघाच्या भीतीनं तोंडाशी दगड रचले आणि पुढे लाकडी वाघदेव बसवला. देवानं ठेवून घेतलेलं माणूस परत मागायचं नाही, असं गावानं ठरवून टाकलं. दगड रचणाऱ्यांत माझे बाबा होते.

आत्या आमच्याकडे राहायला आली. पलीकडच्या दाभोशे गावचा एक भला माणूस पाट लावायला, म्हणजे तिच्याशी दुसरं लग्न करायला, विचारून गेला. "माझा माणूस आत हाय," म्हणून तिनं त्याला वाटेला लावलं. दरवर्षी नव्या नाचणीची पहिली भाकर ती वाघदेवापुढे ठेवायची, मगच स्वतः नवं खायची. असे तिचे केस पिकले.

मग संस्थानाचा ओव्हरसियर गडाची डागडुजी करायला आला. त्याला भुयार बघायचं होतं. आत्यानं त्याच सकाळी भाकर ठेवली होती. दगड निघू लागले तसे बाबा मागे सरकले. हाडं आतून दगडांना टेकून सापडली तर? म्हणजे बाबांनी त्याला जिवंतच कोंडलं होतं.

हाडं नव्हतीच. भुयार आमच्या गोठ्याएवढं, पुढे नुसता कातळ. बाजूला झुडपाआड भगदाड, माणूस सहज निघेल एवढं, आणि त्याखाली घाटाकडे उतरणारी पाऊलवाट. भगदाडाशी कपारीत मशाल उभी होती, नीट विझवून ठेवलेली. एवढ्या वर्षांत एकालाही गडाला वळसा घालून बघावंसं वाटलं नव्हतं!

"मेला नाय तो," आत्या म्हणाली. "गेला."

तिनं वाघदेवापुढची भाकर उचलली. बाबांनी तिचा हात धरला. "अगं, देवाची हाय ती!"

"देव कदी उपाशी व्हता? उपाशी मीच," म्हणत ती त्याच दगडांवर बसली आणि अख्खी भाकर कोरडीच खाल्ली. मग तोंड पुसून तिनं बाबांना विचारलं, "तो दाभोश्याचा अजून एकलाच हाय का?"

त्याला नातवंडं झाली होती.