गिळलेला ळ

"नांदायचं तर गिळावं लागतं."

बुद्धभूषण साळवी हे वाक्य उठता-बसता म्हणायचा. गिऱ्हाईक उलटं बोललं, चहा पाणचट आला, गॅलरीतला नळ दोन दिवस गळत राहिला, सगळ्यावर त्याची हीच मात्रा. वाक्य त्याच्या आईचं, सुंदराबाईचं. ती आमच्या गुहागरकडच्या गावातून लग्न होऊन परळच्या चाळीत आली. एका खोलीत सासू, दीर, जावा आणि पाळीपाळीने झोपणारे गिरणीतले पाहुणे. ती गिळत राहिली आणि नांदली. मुलाला तिने ती खोली दिली आणि हे वाक्य दिलं.

भोईवाड्याच्या बाजूला शिवाचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे प्लायवूडच्या आडोशाला बुद्धभूषणचं टेबल होतं. लग्नपत्रिका, नामकरण, मंडळाची पत्रकं तो टाइप करायचा. पण त्याचं खरं काम जलदान विधीच्या कार्डांचं. आम्हा बौद्धांत माणूस गेलं की जलदान विधी होतो आणि त्याचं कार्ड घरोघर जातं. वर बुद्धाचं चित्र, खाली 'कालकथित' आणि नाव. परळ-नायगावातल्या कितीतरी माणसांची नावं शेवटची लिहिली ती बुद्धभूषणने, आणि सगळी एकाच अक्षरात. जाड बुंध्याचं, शेंड्याला निमुळतं होत गेलेलं ते अक्षर लांबून दिसलं तरी लोक थबकायचे, कोण गेलं म्हणून.

ते अक्षर एका फार जुन्या सॉफ्टवेअरमधलं. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. जुना कॉम्प्युटर बसला तेव्हा कळलं, की नव्या विंडोजवर ते सॉफ्टवेअर चालतच नाही. बुद्धभूषणची मुलगी मानसी दादरला एका ऑफिसात कॉम्प्युटरचंच काम करते. तिने ऑफिसातून काढून टाकलेलं एक मशीन आणलं, त्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं, आणि लिनक्समध्ये वाईन नावाचा प्रोग्राम बसवला.

"ह्याचं काम काय?" बुद्धभूषणने विचारलं.

"पप्पा, तुमचं सॉफ्टवेअर विंडोजचं. इथे विंडोज नाहीये. पण वाईन त्याला तसं भासवतं. ते समजतं, आपण आपल्याच घरात आहोत."

"म्हणजे सासरी माहेर भासवायचं," त्याची बायको कांता जेवण वाढता वाढता म्हणाली. "बघू किती दिवस भासतंय."

शिवाने मात्र ही बातमी गल्लीभर केली. "ऐका रे! साळवीदादांनी जन्मात थेंब घेतला नाही आणि ह्यांचा कॉम्प्युटर वाईनवर चालतो!" विहारात येणाऱ्या एका म्हातारीने ते खरंच मानलं. ती दुकानात येऊन हळूच म्हणाली, "बाबा, मशीनला व्यसन लावू नको. आज मशीन, उद्या तू." त्या दिवशी बुद्धभूषण डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. त्याला तसं हसताना मी नंतर कधी पाहिलं नाही.

मशीन चाललं. फक्त एक अक्षर गेलं.

पडद्यावर सगळं ठीक दिसायचं, पण छापलेल्या कागदावर 'ळ' उमटत नसे. 'सकाळी'चं 'सकाी' व्हायचं, 'वेळ'चं 'वे'. त्याचं स्वतःचं आडनाव 'सावी'. मानसीने पुष्कळ खटपट केली. मग ती म्हणाली, "ह्या जुन्या फाँटमध्ये तुमचा 'ळ' ज्या जागेवर बसलाय ना, ती जागा हे मशीन रिकामी समजतं. अख्खा फाँट बदला पप्पा. माझ्या मोबाइलवरसुद्धा सुंदर मराठी येतं."

"ते मराठी सगळ्यांचं. हे आपल्या गेलेल्या माणसांचं," तो म्हणाला. "राहू दे. परक्या घरी नांदतोय तो. एक अक्षर गिळलं म्हणून काय झालं?"

आणि त्याने त्याची रीत काढली. तरुणपणी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, हात वळणदार होता. टाइप करताना प्रत्येक 'ळ'नंतर तो थोडी मोकळी जागा सोडी. पहिला कागद छापला की काळ्या पेनाने त्या जागांत एकेक 'ळ' काढी, छापल्यासारखा, जाड बुंध्याचा. मग शिवा त्या कागदाच्या प्रती काढी. कुणाला सांगूनही ओळखू येत नसे. आमच्याकडे भाताच्या खाचरात एखादा आवा, लावलेल्या रोपांचा झुपका, कुजला, की बाई वाकून त्याच जागी दुसरा लावते. चार दिवसांनी कुठला कुजला होता ते शेतालाही आठवत नाही. तसं ते काम होतं.

मग कांता आजारी पडली. पावसाळाभर ती केईएमला आत-बाहेर करत होती आणि दिवाळीआधी गेली.

कार्डाचा विषय निघाला तेव्हा मानसी म्हणाली, "पप्पा, मी मोबाइलवर करते. तुम्ही बसू नका."

"सगळ्या वाडीला मी माझ्या अक्षरात पोचवलं," तो म्हणाला. "तिला दुसऱ्याच्या अक्षरात पाठवू?"

मी तेव्हा नुकताच गावाहून परतलो होतो. दुकानात त्याच्या शेजारी बसलो होतो. मजकूर मानसीने सांगितला, त्याने टाइप केला. कागद छापून आला. त्याने पेन उघडलं. डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्याने 'साळवी'तला 'ळ' काढला, 'सकाळी'तला काढला, 'वेळ', 'स्थळ', 'मंगळवार'. मग कागद डोळ्यांसमोर धरून बराच वेळ पाहिला आणि शिवाकडे दिला. शिवाने त्या दिवशी थट्टा केली नाही.

कार्डं घरोघर गेली.

मंगळवारी विहार भरला. वंदना झाली, चार माणसं कांताबद्दल बोलली. शेवटच्या रांगेत मनूबाई बसली होती. ती वरळी कोळीवाड्याची, आमच्या गल्लीत मासे विकणारी. तिला लिहायला-वाचायला कांतानेच शिकवलं होतं, माशांच्या पाटीतली कोलंबी निवडत निवडत. त्यामुळे ती अजून बोट ठेवून, अक्षर लावून वाचते. बाकीच्यांनी कार्डावरून नुसती नजर फिरवली होती. मनूबाई वाचत होती.

"आ-म-ची... प्रे-म... आ-ई." ती थांबली. पुन्हा बोट मागे नेलं. "दादा, प्रेम आई म्हंजे काय ओ?"

बुद्धभूषणने कार्ड हातात घेतलं. 'आमची प्रेमळ आई' असं मानसीने सांगितलं होतं. शब्दाच्या शेवटचा 'ळ' गेला आणि मागे 'प्रेम' उरलं, धडधाकट शब्द. 'सावी' असतं तर डोळ्यांत खुपलं असतं. 'प्रेम' कुणाला खुपणार?

मानसी पुढे आली.

"पप्पा, मला दिसलं होतं."

"कधी?"

"वाटायला घेतली तेव्हा. पण तुमचे हात बघितले होते मी. परत तुम्हाला तिथे बसवायचं... म्हटलं, जाऊ दे. गिळलं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. आता तो आईचं वाक्य म्हणेल असं मला वाटलं.

"अगं, हे गिळायचं नव्हतं," तो म्हणाला. "तुझी आई जन्मभर तेवढीच होती. प्रेमळ."

खिशातून पेन काढून त्याने विहाराच्या कठड्यावर मनूबाईचं कार्ड ठेवलं आणि 'प्रेम'पुढे 'ळ' काढला. वाकडा आला. लहान पोराने गिरवल्यासारखा. मग तो रांगेरांगेने फिरला. ज्यांनी कार्ड आणलं होतं त्यांनी ते पुढे केलं. पण बहुतेकांची घरीच होती, कुणाच्या आरशामागे, कुणाच्या टीव्हीवर, कुणी रद्दीतही टाकलं असेल.

"पप्पा, जेवून घ्या. उद्या जाऊ," मानसी म्हणाली.

त्याने चपला शोधल्या, पायांत सरकवल्या आणि तो पायऱ्या उतरला. पांढरा सदरा, खिशाला उघडंच राहिलेलं पेन, आणि त्याच्या टोकापासून सदऱ्यावर पसरत चाललेला काळा डाग. पहिल्या चाळीच्या जिन्यात तो शिरला, बाहेर आला, दुसऱ्या जिन्यात शिरला. मग नायगावच्या बाजूला वळला. त्याने मागे पाहिलं नाही.

मानसी दारात उभी होती. शिवा पाण्याचे ग्लास गोळा करता करता थांबला होता. आणि मनूबाई पायरीवर कार्ड दोन्ही हातांत आडवं धरून त्या वळणाकडे पाहत होती. शाई अजून ओली होती.