पाडव्यापर्यंत कपाटात

झाशीच्या मराठी मंडळात कपाटाची किल्ली सिंधूताईंकडे असते आणि अक्कल बाकीच्यांकडे, असं निदान बाकीच्यांना वाटतं. गणपतीची चांदीची भांडी, हळदीकुंकवाचं वाण, समया, सतरंज्या, सगळं त्या लोखंडी कपाटात, आणि किल्ली ताईंच्या कमरेला. बैठकीत मात्र ताईंनी चहा कुणाकुणाला हवा एवढंच विचारावं, अशी पुरुषमंडळींची अपेक्षा. ताई विचारत नाहीत, ही गोष्ट वेगळी. सारी नोकरी सरकारी कचेरीत झालेली. कुठला साहेब किती पाण्यात आहे ते त्यांनी जवळून बघितलंय, त्यामुळे मंडळाच्या अध्यक्षांना त्या काय भीक घालणार!

तर यंदा संक्रांतीच्या सुमाराला त्या कपाटात एक नवा कोरा लॅपटॉप येऊन पडला. आला होता आभासाठी.

आभा चिरगाँवची. वडील जनार्दन भिक्षुकी करतात, शिवाय पूजेच्या सामानाचं एक छोटं दुकान आहे. पोर रोज बसने झाशीला येते, विद्यापीठात भूगोलाचं एम.ए. करते. शेवटच्या वर्षाला तिने चिरगाँवच्या आसपासच्या विहिरींचा प्रकल्प घेतला. कुठली विहीर उन्हाळ्यात कोरडी पडते, कुठली टिकते, सगळं उन्हातान्हात हिंडून टिपून आणलं. आता त्याचे नकाशे करायचे होते आणि ते होळीच्या आधी जमा करायचे होते. नाही झाले तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर शिक्षणही गेलं, कारण जनार्दनांनी यंदा काय ते शेवटचं, असं कधीच सांगून ठेवलेलं.

नकाशांचं सॉफ्टवेअर मोबाईलवर चालेना. सरकारकडून टॅबलेट मिळेल म्हणे, पण त्यावरही ते चालायचं नाही. सायबर कॅफेवाला भैया म्हणाला, "बहनजी, हमारी मशीन में कुछ नया मत डालना." मैत्रिणीचा लॅपटॉप मागावा तर तिचाही प्रकल्प त्याच तारखेला. हप्त्यावर घ्यावा तर दुकानदाराला पगाराची पावती हवी. आता दक्षिणेची पावती कुठला यजमान देतो, सांगा!

हे सगळं ताईंना कळलं तेव्हा त्यांनीच बैठकीत विषय काढला आणि पदर खोचून घरोघरी फिरल्या. लोकांनी दिलंही. मन मोठं आहे हो आपल्या माणसांचं, नाही कोण म्हणतं? लॅपटॉप आला, खोक्याला चकचकीत कागद लागला, वर रिबिनीचं फूल बसलं. आता पोरीला फोन करायचा, एवढंच राहिलं होतं.

"फोन कशाला?" अध्यक्ष विश्वंभरराव म्हणाले. "पाडव्याच्या समारंभात देऊ. पुण्याहून प्रमुख पाहुणे येतायत. त्यांच्या हस्ते."

पाडवा होळीनंतर येतो. हे पंचांग न बघताही शेंबड्या पोराला कळतं.

"अहो, तिला होळीच्या आधी जमा करायचंय," ताई म्हणाल्या. "नंतर देऊन काय उपयोग? त्यावर गुढी उभारायची का?"

विश्वंभररावांनी जानव्याला हात लावावा तसा गळ्यातल्या मफलरला हात लावला. "ताई, मंडळाची एक पद्धत आहे. कुणाला काहीही द्यायचं तर समारंभात, पाहुण्यांच्या हस्ते. आपले पूर्वज इथे आले तेव्हापासून आपण कसे राहिलो? पद्धतीने राहिलो."

ही एक खोड आहे झाशीतल्या आपल्या लोकांची. पिढ्यान्पिढ्या इथे राहिले, भाजीवाल्याशी फर्डं बुंदेली बोलतात, मुलं घरात हिंदीत भांडतात. पण वर्षातून एकदा पुण्याहून कुणीतरी येऊन पाठीवर थाप मारल्याशिवाय आपण मराठी आहोत याची यांना खात्रीच पटत नाही. त्या एका थापेसाठी सगळं थांबवून ठेवायचं!

चिटणीस सुभाषचंद्र कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे नागपूरचे. त्यांनी वेगळीच पुडी सोडली. "मी म्हणतो, एम.ए.च्या मुलीला लॅपटॉपची एवढी नड कसली? इंजिनीअरिंगचं असतं तर गोष्ट वेगळी. हल्ली मोबाईलवर सगळं होतं."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज त्यांनी चढवला नाही.

"असं का? मग सुभाषजी, पाडव्याची कार्यक्रमपत्रिका तुमच्याकडेच आहे ना? करा बघू आत्ता, इथे बसून, मोबाईलवर. डावीकडे वेळ, उजवीकडे कार्यक्रम, खाली देणगीदारांची नावं."

सुभाषचंद्रांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बसले अंगठ्याने टाइप करत. वेळ उजवीकडे पळाली. स्वागतगीत आभारप्रदर्शनाच्या खाली गेलं. पाहुण्यांचं नाव मधोमध तुटून अर्धं पुढच्या ओळीत पडलं. तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला आणि होतं नव्हतं तेही पुसलं गेलं.

"जाऊ दे," ते वैतागून म्हणाले, "घरी जाऊन लॅपटॉपवर करतो."

"मग?" ताई म्हणाल्या. "तुमच्या एका पानाला लॅपटॉप लागतो आणि तिच्या एवढ्या नकाशांना मोबाईल पुरतो?"

मंडळी हसली. पण हसून झाल्यावर ठराव काय झाला? पाडव्यालाच द्यायचा. खोकं कपाटात गेलं, कुलूप लागलं, आणि ते लावायला लावलं कुणाला? सिंधूताईंनाच.

त्या दिवशी कुलूप लावून वळल्या तेव्हा समोर भिंतीवर त्यांचाच फोटो होता. हॉलच्या भिंतीवर मंडळाच्या सगळ्या सत्कारांचे फोटो आहेत, त्यांतला हा बराच जुना. गुरसरायच्या पुजाऱ्याची सिंधू, दोन वेण्या, हातात पाकीट, शेजारी मुंबईचे कुणी पाहुणे. मंडळ तिला बी.एस्सी.ची फी देणार होतं. गणपतीत, समारंभात. वडील म्हणाले, मोठी माणसं आहेत, आपण घाई करणं बरं दिसत नाही. गणपती बसले, पाहुणे आले, टाळ्या पडल्या, पाकीट मिळालं. प्रवेश बंद झाले होते ते श्रावणातच. फोटोत ती हसते आहे, कारण फोटो काढणारा "जरा हसा" म्हणाला होता. पुढे बी.ए. केलं ते घरी बसून, बाहेरून, आणि मग जन्मभर दुसऱ्यांच्या फायली पुढे सरकवल्या. रसायनशास्त्र शिकायचं होतं हो त्या पोरीला! वर्षानुवर्षं सतरंज्या काढताना, घालताना ताईंनी तो फोटो बघितला होता आणि गिळून टाकलं होतं सगळं. त्या दिवशी गिळवेना.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये कुणी नसताना त्यांनी कपाट उघडलं. चकचकीत कागदाची पट्टी हलक्या हाताने सोडवली, लॅपटॉप काढून घेतला. खोकं हलकं लागू नये म्हणून आत घरचा जुना पोळपाट ठेवला आणि पट्टी होती तशी चिकटवली. मग आभाला घरी बोलावलं.

पोर घाबरली. "काकू, मला समझतं सगळं, पण... हे चोरी तर नाही होणार ना?"

"चोरी?" ताई कडाडल्या. "तुझ्या नावाने लोकांनी दिलेली वस्तू तुझ्यापासून कुलपात ठेवायची, त्याला काय म्हणतात ते आधी विचार! घे, आणि कामाला लाग. कुणी विचारलं तर माझं नाव सांग."

आभाने नकाशे केले. होळीला दोन दिवस असताना प्रकल्प जमा करून ती पेढे घेऊन थेट ताईंच्या दारात आली. ताईंनी पेढा तोंडात टाकला आणि आत जाऊन डोळे पुसून आल्या.

पाडव्याला हॉल फुलून गेला. नऊवारी, फेटे, श्रीखंडाचा वास. पुण्याचे पाहुणे भले गृहस्थ होते बिचारे. आभाच्या हातात खोकं दिलं, टाळ्या झाल्या, फोटो झाला. ताईंना वाटलं, झालं, सुटलो. इतक्यात पाहुण्यांना उत्साह आला. "अहो, उघडून तरी दाखवा मुलीला! कुठला आहे बघू दे सगळ्यांना."

विश्वंभररावांनी मोठ्या दिमाखात कागद फाडला, झाकण उघडलं आणि पोळपाट हातात घेऊन उभे राहिले.



"हा काय प्रकार आहे?" विश्वंभरराव लालेलाल झाले. "किल्ली सिंधूताईंकडे होती. ही सरळ सरळ चोरी आहे!"

ताई उठणार, तोवर आभानेच पाहुण्यांच्या हातातला माईक घेतला. मंचावर मराठी बोलायची तिची पहिलीच वेळ होती.

"लॅपटॉप माझ्याजवळ आहे. काकूंनी दिला, होळीच्या खूप आधी. म्हणून माझं प्रोजेक्ट जमा झालं. आज तुमच्या हाताने मिळाला असता तर फोटो निघाला असता, आणि माझं साल गेलं असतं."

मागच्या रांगेत चिरगाँवहून आलेले जनार्दन मोठ्या माणसांपुढे कधी मान वर न करणारे. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी ताईंना तिथूनच हात जोडले. विश्वंभररावांनी मात्र पोळपाट टेबलावर आपटला.

"किल्ली द्या, सिंधूताई. आत्ता."

"घ्या की!" ताई मंचावर गेल्या आणि कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. "आणि समया पुसून ठेवत जा, हिरव्या पडतात. बैल गेला आणि झोपा केला, हीच पद्धत असेल ना मंडळाची, तर ती तुम्हीच सांभाळा."

खाली उतरल्या त्या जागेवर जाऊन बसल्या नाहीत. भिंतीशी गेल्या, टाचा उंचावून आपला फोटो खिळ्यावरून काढला आणि पदराने काच पुसली.

"हा कुठे नेता?" सुभाषचंद्रांनी हळूच विचारलं. "मंडळाचा आहे तो."

"मंडळाचा?" ताई म्हणाल्या. "फोटोतल्या मुलीचं वर्ष गेलंय हो, सुभाषजी. इतकी वर्षं तुम्ही ते भिंतीवर मिरवलंत, तेवढं पुरे झालं."

आणि फोटो काखेत धरून त्या श्रीखंड न खाताच बाहेर पडल्या. मागून आभा पोळपाट घेऊन धावत गेली.