साबणाशिवायची काच

मावशींचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. उशाशी गजर असे, पण तो वाजण्याआधीच त्यांचा हात त्याच्यावर पडलेला असे. पोळ्या, डबे, अंघोळ. सहाला त्या संशोधन संस्थेच्या मागच्या दाराला किल्ली लावत. सातला प्रयोग करणारी चष्मेवाली मुलगी येणार, आणि तिच्या हाताशी गार, कोरडी, स्वच्छ काच हवी. मावशींच्या एकोणीस वर्षांत तिला एकदाही थांबावं लागलं नव्हतं. तिलाही नाही आणि तिच्या आधीच्या पाचजणांनाही नाही.

काम काच धुण्याचं. ऐकायला सोपं. मोरीत दोन टब होते, एक निळा आणि एक पांढरा. निळ्यात साबण, बाकी सगळ्या भांड्यांसाठी. पांढऱ्यात साबणाचा थेंबही नाही. त्यात फक्त चष्मेवालीच्या नळ्या आणि तिचा काचेचा खलबत्ता. त्या काचेला सात पाणी: चार साधी, तीन उकळून थंड केलेल्या शुद्ध पाण्याची. ते शुद्ध पाणी शीतखोलीतच ठेवलेलं असे, म्हणजे बर्फाचा सख्खा भाऊ. बोटं लाल होत, मग पांढरी, मग ठणकत. थंडीत नखांच्या मुळाशी चिरा पडत. मावशी त्यावर तेल लावत नसत, कारण तेल काचेला लागतं.

असं का, हे चष्मेवालीनं आपल्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. "मावशी, पेशीच्या पोटात बारक्या खोल्या असतात. त्यांना लागणारा माल बाहेर तयार होतो. आत जायचं तर मालाला चिठ्ठी लागते. दारावर चिठ्ठी बघतात, मालाची घडी मोडून त्याला दोऱ्यासारखा सरळ करतात, आणि आत ओढतात. आत गेला की चिठ्ठी कापून टाकतात."

"आणि साबण?"

"साबणानं भिंतच विरघळते. मग दार कुठलं आणि दारवान कुठला?"

मावशींना ते पटलं. रोज संध्याकाळी चष्मेवाली प्रयोगाचा एक काळपट फोटो उजेडाला धरे. वरची रेघ म्हणजे चिठ्ठीसकट माल, बाहेरच राहिलेला. खालची रेघ म्हणजे चिठ्ठी कापलेला, आत पोचलेला. मावशी पोछा टेकवून विचारत, "खालची आली का?" आली म्हटलं की दिवस कारणी लागला.

त्या वर्षी थंडी सरता सरता खालची रेघ यायची बंद झाली.

पहिल्या दिवशी चष्मेवाली म्हणाली, "दारवान झोपला वाटतं." पाचव्या दिवशी तिनं विनोद केला नाही. बाराव्या दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी मोरीपाशी येऊन पांढऱ्या टबात बोट बुडवलं आणि बोट उजेडाला धरलं.

"मावशी, राग मानू नका. पण पाणी तेच, औषधं तीच, माणसं तीच. काच तेवढी हातानं धुतलेली."

"एकोणीस वर्षं हातानंच धुतलीय मॅडम."

"म्हणूनच म्हणते. हात थकतात. मी एकदा वापरून फेकायच्या नळ्या मागवल्यात परदेशातून. त्या आल्या की ही मोरी बंद. दुसरीकडे काही जागा निघते का बघू."

"बघू" म्हणजे काय, ते मावशींना ठाऊक होतं. निवृत्तीला दीड वर्ष बाकी होतं. नोकरी गेली तर त्या दुसरी शोधणार होत्या, त्यांना हात होते. पण काच घाण धुतली म्हणून जाणं त्यांना मान्य नव्हतं.

"कधी येणार नळ्या?"

मॅडम करवादल्या. "पेट्या बंदरात पडल्यात. एक कागद कमी आहे म्हणे. आठवडा, दहा दिवस."

"तुमचाही माल दारातच अडकला म्हणायचा," मावशी म्हणाल्या. मॅडमना हसू आलं, ते त्यांनी दाबलं.

दुसऱ्या दिवशी मावशी सहाऐवजी पाचला आल्या. त्यांची तपासणी साधी होती. नळीत शुद्ध पाणी घ्यायचं, अंगठा लावून शंभर वेळा हलवायचं, खिडकीपाशी धरायचं. काठाशी फेसाची कडी राहिली तर साबण आहे. नाही राहिली तर नाही.

चार सकाळी त्यांनी रोज एकच गोष्ट बदलून पाहिली, कारण दोन बदलल्या तर दोषी कोण ते कळत नाही. ब्रश नवा घेतला. कडी आलीच. टब राखेनं घासून धुतला. आली. पाण्याचा डबा शेजारच्या प्रयोगशाळेतून आणला. आली. वाळवायची जाळी उकळून काढली. तरी केसाएवढी बारीक कडी खिडकीत चमकलीच. सात पाणी झालेल्या काचेवर! मावशींनी नळी ठेवली आणि मोरीच्या कठड्यावर बसल्या. बसणं हे त्यांच्यात नव्हतं.

चष्मेवालीनं चहा आणून दिला. "जाऊ दे मावशी. मीच कुठेतरी चुकत असेन."

"तू चुकलीस तर तुझं तू बघ. मला माझं बघू दे."

चहाचा कप घ्यायला त्यांनी हातमोजे काढले. पिवळे, मनगटाच्या वरपर्यंतचे, रबरी. याच महिन्यात लेकीनं आणलेले. "आई, तुझे हात बघवत नाहीत," म्हणून तिनं पहिल्या पगारातून घेतले होते. मावशी ते घालत. पाणी कोपराकडे ओघळू नये म्हणून मनगटावर काठाची घडी घालत, पन्हळीसारखी. आणि रोज निघताना ते मोजे निळ्या टबात साबणानं धुऊन खिळ्याला टांगत. लेकीनं दिलेली वस्तू मळकी कशी ठेवायची?

कप तोंडापर्यंत गेला आणि थांबला.

त्यांनी एका मोज्याची घडी उलगडली. आतल्या सुरकुतीत पांढरट काहीतरी सुकलेलं होतं. घडीत शुद्ध पाणी ओतलं, ते नळीत घेतलं, आणि हलवलं. शंभरची गरज पडली नाही. दहालाच बोटभर फेस आला.

सातव्या पाण्यानंतर त्या नळी जाळीवर ठेवायला हात खाली झुकवत. तेव्हा त्या पन्हळीतलं पाणी सरळ नळीत उतरत होतं. सात पाण्यांनी धुतलेल्या काचेत आठवं पाणी, साबणाचं.

मोजे कचऱ्यात टाकले असते तर कोणाला काही कळलं नसतं. खालची रेघ आपोआप परत आली असती. दोष ब्रशावर गेला असता, नाहीतर हवेवर. मावशींनी चहा संपवला, कप धुतला, मोजे आणि नळी घेतली आणि मॅडमच्या दारावर टकटक केली.

"साबण माझाच होता."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मोजा उलटासुलटा करून पाहिला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"काखेत नाही. मनगटावर."

"मावशी, तीन आठवडे वाया गेले या पोरीचे."

"गेले. उद्यापासून मी उघड्या हातानं धुते. परवा रेघ नाही आली तर तुम्ही सांगायच्या आधी मी जाते."

घरी लेक रडवेली झाली. "माझ्यामुळे झालं का गं?"

"तुझे मोजे चांगलेच होते. मीच जास्त स्वच्छ निघाले. शहाणपणाला साबण लागला की असं होतं."

"मग आता हातांचं काय?"

"हातांचं हात बघतील."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी पोछा टेकवून उभ्या राहिल्या. चष्मेवालीनं फोटो उजेडाला धरला, चष्मा वर सरकवला, पुन्हा खाली ओढला.

"आली मावशी. ठळक आली."

"बघू." त्यांनी स्वतः पाहिलं. वर एक फिकट रेघ, खाली एक जाड. मग त्या राहिलेली फरशी पुसायला लागल्या, कारण ती राहिली होती.

बंदरातल्या पेट्या महिन्याभरानं सुटल्या. मॅडमनी त्या वरच्या फळीवर ठेवल्या आणि मोरी बंद करण्याचा विषय पुन्हा काढला नाही. मोरीशेजारी एक पाटी मात्र लागली, चष्मेवालीच्या अक्षरात: "सात पाणी. मोजे नाहीत. शंका आली तर मावशींना विचारा." दीड वर्ष त्या पाटीखाली मावशी उघड्या हातानं काच धुत राहिल्या. एकही दिवस रेघ चुकली नाही, आणि चिराही चुकल्या नाहीत.

निवृत्तीच्या वेळी जी रक्कम हातात आली, तिचं काय करायचं हे मावशींनी आधीच ठरवून ठेवलं होतं. लेक म्हणत होती, दागिना कर, कुठे फिरून ये. मावशींनी गवंडी आणि नळवाला बोलावला. स्वयंपाकघराची भिंत फोडून घेतली, पाण्याच्या नळ्या बसवून घेतल्या, सांधे स्वतः बोट फिरवून तपासले, एक परत करायला लावला.

दुसऱ्या दिवशी साडेचारलाच जाग आली. गजर वाजायचा होता. मावशी स्वयंपाकघरात गेल्या, गरम पाण्याचा नवा नळ सोडला, वाफ दिसेपर्यंत थांबल्या आणि दोन्ही हात गरम पाण्याखाली धरले. मोरीत एकही भांडं नव्हतं.