बाईंच्या चिठ्ठीतली दोन अक्षरं

काल भाचीच्या वहीत मूलद्रव्यांची यादी दिसली. शाई पुरती वाळलीही नव्हती. तिने घोटून काढलेल्या Ca या दोन अक्षरांवर माझी नजर अडकली ती सुटेचना. पुढे तिने ‘कॅल्शियम’ लिहिलं होतं. बरोबरच होतं. तरी मला एक जुनी चिठ्ठी आठवली.

करी रोडला आमच्या चाळीत समोरच्या खोलीत विज्ञानाच्या बाई राहायच्या. पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. मजल्यावरच्या निम्म्या मुलांना त्यांनी गॅलरीत चटईवर बसवून रसायनशास्त्र शिकवलं. त्यात मीही होते. त्यांच्या तोंडून धातूंची, क्षारांची नावं ऐकताना वाटे, ही सगळी त्यांच्या माहेरचीच माणसं आहेत.

एकदा पाठ धरली म्हणून त्या जवळच्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी चिठ्ठी दिली आणि परळच्या मोठ्या इस्पितळात एकदा दाखवून घ्या, एवढंच मोघम सांगितलं. चिठ्ठीवर एक प्रश्नचिन्ह होतं आणि पुढे Ca. बाईंनी ते आपल्या विद्येने वाचलं. इस्पितळात न जाता रक्तातलं कॅल्शियम तपासून घेतलं, ते ठीक निघालं, आणि नाचणीची भाकरी, तीळ, सकाळचं कोवळं ऊन असा उपचार निष्ठेने सुरू केला.

चार महिन्यांनी त्यांना जिना चढवेना, तेव्हा मी कागद पाहायला मागितले. मी आरोग्यविम्याच्या कचेरीत काम करते. असे कागद रोज हाताखालून जातात, आणि आमच्याकडे त्या दोन अक्षरांचा अर्थ वेगळा आहे. चिठ्ठी मी दोनदा वाचली. बाई मात्र समाधानाने सांगत होत्या की कॅल्शियम उत्तम आहे, हे वयाचंच दुखणं असणार.

“बाई, डॉक्टर कॅन्सरला असं लिहितात,” मी म्हटलं. दुसरं कसं सांगायचं, सुचलंच नाही.

त्यांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेऊन पुन्हा वाचली. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“मग पूर्ण शब्द का नाही लिहिला त्यांनी?”

आवाजात राग नव्हता. नुसतं थिजलेलं नवल होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच टॅक्सी करून आम्ही परळला गेलो. दुखणं हाडांत उतरलं होतं. उपचार झाले, बाई आणखी दीड वर्ष जगल्या. त्या चार महिन्यांनी किती फरक पडला असता, हे मी तिथल्या डॉक्टरांना कधी विचारलं नाही. बाईंनीही नाही. दर तपासणीला आम्ही दोघी त्यांच्यासमोर बसायचो, आणि तो प्रश्न तोंडाशी आला की एकमेकींकडे न पाहता उठायचो.