निकाहनाम्यातला रिकामा रकाना

आमच्या संस्थेच्या वार्षिक अहवालात एक पान ‘अडचणी आणि शिकवण’ या मथळ्याचं असायचं. एकच पान! वर्षभर मोहल्ल्यात जे घडायचं त्यातलं त्या पानात काहीच बसायचं नाही, आणि मग उरलेलं सगळं माझ्याकडे साठत गेलं. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, पण कोणी चहाला बसलं की त्यातलं एखादं निघतंच. एक निघालं की त्याच्या मागोमाग दुसरं.

आधी मंडळी सांगते. जबलपूरच्या चेरीतालला आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. मी तिथे अहवाल लिहायची. खरे साहेब आमचे प्रमुख. घराणं मूळचं अमरावतीकडचं, पण दोन पिढ्या जबलपुरातच. मदत परदेशातल्या एका संस्थेची, आणि काम बिड्या वळणाऱ्या बायकांच्या एका मुस्लिम मोहल्ल्यात. तिथे आमचं जे काही चालायचं ते नफीसा आपांच्या जिवावर. बिड्या वळता वळता आपा मोठेपणी लिहा-वाचायला शिकल्या आणि मग मोहल्ल्यातल्या आमच्याच शिकवणी केंद्रात शिकवायला लागल्या.

काम सांगायला सोपं होतं. प्रत्येक बाईला आपला निकाहनामा, म्हणजे लग्नाचा करार, वाचता आला पाहिजे आणि त्याची एक प्रत तिच्याकडे पाहिजे. त्या कागदावर ‘शर्तें’ नावाचा एक रकाना असतो. लग्नाआधी नवरीला काही कबूल करून घ्यायचं असेल तर ते तिथे लिहायचं. तिचा हक्कच आहे तो, आणि धर्मानेच दिलेला. पण मोहल्ल्यात तो रकाना कोणी भरल्याचं कोणाला आठवत नव्हतं. सही करताना काजीसाहेब त्यावर एक तिरकी रेघ ओढून मोकळे व्हायचे. तो रकाना एकदा तरी भरलेला बघायचा, यासाठी आमची सगळी धडपड.

*

एकदा परदेशातून एक भला मोठा तक्ता आला. बैठकीत किती महिला स्वतःहून बोलतात, ते मोजून दर महिन्याला भरायचं. मी वही घेऊन बैठकीला गेले. अंगणभर बायका, हात बिडीवर आणि तोंड मोकळं, सगळ्या एकाच वेळी बोलताहेत. दोनदा मोजायला घेतलं, दोनदा चुकले.

आपांनी माझी वही ओढून घेतली, तक्ता समजावून घेतला आणि म्हणाल्या, “दीदी, जो चुप बैठी हैं उनको गिन लो. जल्दी हो जाएगा.”

मी तसंच केलं. गप्प बसलेली एकच निघाली. तिची दाढ दुखत होती.

खरे साहेबांनी बाकीच्या सगळ्या ‘बोलणाऱ्या’ म्हणून तक्ता भरून पाठवला. तिकडून अभिनंदनाचं पत्र आलं!

*

मग त्या संस्थेच्या एक बाई स्वतः पाहणीला आल्या, त्याही ऐन रमजानात. बाई फार सज्जन. येण्याआधी त्यांनी इकडच्या चालीरीतींचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. मोहल्ल्यातल्या बायकांचे रोजे आहेत म्हणून त्यांनीही सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता.

इकडे आपांनी पाहुण्यांसाठी मुद्दाम तहरी केलेली. बटाटे-मटार घातलेला पिवळा भात, माझ्यामुळे बिनमांसाचा. बाई हात जोडून नको म्हणाल्या. खरे साहेबांची त्या दिवशी चतुर्थी. ड्रायव्हर भैया रोजेदार. राहिले मी!

अख्खं पातेलं माझ्यासमोर आलं. गोल करून बसलेली इतकी उपाशी माणसं आपल्याकडे बघताहेत आणि आपण जेवतोय, असं जेवण मला आयुष्यात पुन्हा मिळालं नाही. दुसऱ्यांदा वाढता वाढता आपा बाईंना समजावत होत्या, “मैडम, रोजा हमारा है, आपका नहीं. आप भूखी बैठेंगी तो हमारा सवाब कम हो जाएगा.”

मी भाषांतर केलं, सवाब म्हणजे पुण्य हेही सांगितलं. बाईंनी ते वाक्य डायरीत उतरवून घेतलं. जेवल्या मात्र नाहीत.

*

पुढच्या थंडीत त्याच संस्थेने ढाक्याच्या एका वकील बाईंना आमच्याकडे पाठवलं. नाव सलमा. त्यांनी आपल्या देशातला कोरा निकाहनामा सोबत आणला होता. त्यात एक प्रश्न छापूनच येतो. गरज पडली तर लग्नातून मोकळं होण्याचा अधिकार नवऱ्याने बायकोला दिला आहे का? काय ते समोर लिहायचं.

बायकांना खरंच वाटेना. कागद हातोहात फिरला. त्यावरची बंगाली लिपी कोणालाच वाचता येत नव्हती, तरी प्रत्येकीने त्या ओळीवरून बोट फिरवून बघितलं.

तेवढ्यात काजीसाहेब आले. आमच्या केंद्राची पायरी ते पहिल्यांदाच चढत होते. आता केंद्र बंद पडतं, असं खरे साहेब मला हळूच म्हणाले. काजीसाहेब दाराजवळच्या खुर्चीवर बसले, कागद उलटसुलट बघितला, सलमाबाईंना दोन-तीन प्रश्न विचारले, चहा संपवला. मग शांतपणे म्हणाले, “कॉलम तो हमारे फॉर्म में भी है. आज तक किसी ने भरवाया ही नहीं. लकीर न खींचूँ तो क्या करूँ?”

इतकी वर्षं आम्ही त्यांना अडसर समजत होतो. अंगणातल्या सगळ्या बायका मात्र वळून आपांकडे बघायला लागल्या, कारण आपांच्या मुलीचं, शबानाचं लग्न आठच दिवसांपूर्वी ठरलं होतं.

*

सलमाबाईंनी आपांना आणि मला ढाक्याला बोलावलं. ढाक्याचं पुन्हा कधीतरी; आधी पासपोर्टसाठी माझा विवाह दाखला हवा होता. दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घरी मी कपाटं उपसायला लागले. यजमान दोनदा डोकावून गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, “काहून शोधून राहिली? तो कागद आपण काढलाच कुठे होता?”

लग्नाची पत्रिका सापडली, अल्बम सापडला, दाखला असणारच नव्हता. आमचं लग्न सरकारदरबारी नोंदलेलंच नव्हतं! सासूबाई म्हणाल्या, अख्खा दीक्षितपुरा जेवून गेला होता, आणखी काय पुरावा पाहिजे?

गावभर बायकांना कागदाचं महत्त्व सांगत फिरणारी मी. दुसऱ्या दिवशी मान खाली घालून आपांना सांगितलं. त्यांनी पिशवीतून स्वतःचा निकाहनामा काढला. प्लास्टिकमध्ये सीलबंद, कोपरासुद्धा दुमडलेला नाही. तो माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, “तो दीदी, पहले आपका केस बना लें?”

नोंदणीला साक्षीदार म्हणून आपाच आल्या. सही करताना त्यांनी आमचा अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मागे रांग खोळंबली होती. पण त्यांच्याकडून वाचल्याशिवाय सही होत नसे, आणि ती सवय आम्हीच लावली होती.

*

शबाना आईवर गेलेली. केंद्रात लहान मुलींना शिकवायची आणि शिक्षिकेचा कोर्सही करत होती. तिने त्या रकान्यासाठी दोन ओळी वहीत लिहून ठेवल्या होत्या. लग्नानंतर मी शिकवणं सोडणार नाही, ही एक. लग्नातून मोकळं होण्याचा अधिकार माझ्याकडेही राहील, ही दुसरी. मुलगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होता. त्याने वाचलं आणि आपली काही हरकत नाही म्हणाला.

हरकत होती त्याच्या आईची. हसीना बी त्याच मोहल्ल्यातल्या, पण केंद्रात शिकायला कधी न आलेल्या, आवाज खणखणीत. त्या थेट आपांच्या दारात येऊन विचारत्या झाल्या, “नफीसा, बेटी ब्याह रही हो या मकान किराये पर दे रही हो?” हे रकान्याचं काढलंत तर वरात येणार नाही, असंही सांगून गेल्या.

आपा दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या. म्हणाल्या की रकाना कोराच राहू देते, शबानाला सांगितलंय. “दूसरों की बेटियों के लिए बहुत बोली, दीदी. अपनी की बारी आई तो गला सूख गया.”

मला आधी राग आला. लगेच स्वतःची लाजही वाटली. माझ्या मुलीचं जमलेलं लग्न मोडायला आलं असतं, तर मी काय केलं असतं?

त्याच आठवड्यात परदेशातून विचारणा आली, पहिल्या भरलेल्या रकान्याचा फोटो कधी मिळेल? एरवी खरे साहेब तिकडून आलेल्या प्रत्येक शब्दाला मान द्यायचे. त्या दिवशी मला म्हणाले, “लिहा त्यांना, लग्न पोरीचं आहे, प्रोजेक्टचं नाही. आपण काहून ओझं टाकून राहिलो तिच्यावर?”

मी तसं लिहिलं. माझ्या नोकरीतलं सगळ्यात छोटं पत्र ते.

*

निकाह दुपारच्या नमाजानंतर होता. वरात आली. अंगणाच्या मधोमध पडदा. पलीकडे पुरुष, काजीसाहेब, नवरा मुलगा आणि आमचे खरे साहेब, अलीकडे आम्ही सगळ्या बायका. शबानाच्या शेजारी आपा, समोर हसीना बी.

रीत अशी की नवरीच्या बाजूचा वकील, म्हणजे तिच्या वतीने बोलणारा नातेवाईक, दोन साक्षीदार घेऊन पडद्याआड येतो आणि तिला तीनदा विचारतो, कबूल आहे का. नवरी सहसा बोलत नाही. मान खाली घालते, रडते, नाहीतर मागून कोणीतरी तिचं डोकं हलकेच वाकवतं. तेच ‘हो’ धरायचं.

वकील म्हणून शबानाचे सख्खे मामू आले. त्यांनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. शबाना गप्प. नात्यातली एक म्हातारी खाला, म्हणजे मावशी, म्हणाली, लाजतेय, हो समजा. मामू जायला वळले.

“मामू, मैं शरमा नहीं रही हूँ,” शबाना म्हणाली. “मैंने अभी हाँ नहीं कहा. पहले कागज पढ़ूँगी.”

आपांनी माझा हात घट्ट धरला. मामूंनी बहिणीकडे पाहिलं, बहिणीने जमिनीकडे. शेवटी ते बाहेर गेले आणि फॉर्म घेऊन आले.

शबानाने ओढणी जरा वर केली आणि वाचायला लागली. नावं, पत्ते, सगळं. कोणाला घाई करायचं धाडस झालं नाही. रकान्यावर काजीसाहेबांची तिरकी रेघ आधीच पडलेली होती, सवयीने. तिने पेन मागितला. रेघेच्या खालच्या जागेत बारीक अक्षरात त्या दोन ओळी लिहिल्या आणि कागद मामूंच्या हातात दिला. “उन्हें पढ़ा दीजिए. काजी साहब को भी.”

पडद्यापलीकडचं काही दिसत नव्हतं, फक्त कुजबुज. मी हसीना बींकडे बघायचं टाळत होते. आता त्या उठतील आणि मुलाला घेऊन जातील, असं सगळ्यांनाच वाटत होतं. त्या हलल्या नाहीत.

मामू परत आले. मुलाने त्या ओळींपुढे सही केली होती, आणि काजीसाहेबांनी रेघेवर काट मारून शेजारी स्वतःची सही केली होती. मामूंनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं. शबाना तिन्ही वेळा ‘कबूल’ इतकं स्पष्ट म्हणाली की बाहेरच्यांनाही ऐकू गेलं. आपा रडायला लागल्या, मीही रडले. पलीकडे काजीसाहेबांनी खुतबा, म्हणजे निकाहाचं प्रवचन, वाचलं, मुलानेही कबूल केलं, खारका वाटल्या गेल्या.

हसीना बींनी खारीक हातातच धरली होती. त्या उठल्या, पडद्यापाशी गेल्या आणि पडदा न हलवता म्हणाल्या, “काजी साहब, मेरा निकाह आपके अब्बा ने पढ़ाया था. उनका रजिस्टर हो तो कल ले आइए. दुल्हन पढ़ देगी.”