अठरा वर्षं परीक्षेला बसलेला पेशंट

फेब्रुवारी लागला की वडगावच्या परशरामअण्णांना अजूनही करमत नाही. हातमागापुढं बसलेले असले तरी कान रस्त्याकडं असतात. याच दिवसांत त्यांना बेळगावच्या एका मेडिकल कॉलेजातून बोलावणं यायचं. लहानपणीच्या सांधेतापानं त्यांच्या हृदयाची एक झडप बिघडली होती आणि छातीला डॉक्टरची नळी लावली की तिचा आवाज साफ ऐकू यायचा. शेवटच्या वर्षाच्या मुलांची परीक्षा अशाच पेशंटांवर होते. त्यांना तिथं 'केस' म्हणतात. अण्णा अठरा वर्षं केस होते. इस्त्रीचा सदरा घालून, लग्नाला निघाल्यासारखे जायचे. वॉर्डात उप्पीट, चहा आणि दिवसभर पोरांच्या गप्पा.

केसनं निदान सांगायचं नाही, असा नियम होता. अण्णा सांगायचे, पण सगळ्यांना नाही. जो नाव विचारील, हात चोळून गरम करून मग छातीला लावील, चार शब्द गोड बोलेल, त्याच्याच कानात ते पुटपुटत, "झडप आवळलीया, आनि गळतीया पन." त्यातले किती जण पुढं मोठे डॉक्टर झाले, हे ते आजही ओट्यावर बसून सांगतात.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या साली कॉलेजनं मुलांकडून एक फॉर्म भरून घेतला होता. कोण बोलका, कोण लाजाळू, कोण शिस्तीचा, कोणाला दुसऱ्याचं दुःख कळतं, असले प्रश्न. ऋग्वेद नावाच्या मुलानं ती गंमत अण्णांना सांगितली. माया-दयेत आपल्याला शंभरातले ब्याण्णव मिळालेत, म्हणाला. अण्णा खूश झाले. पाच मिनिटांत निदान त्याच्या पदरात पडलं. उरलेला वेळ दोघं क्रिकेटवर बोलले.

त्यानंतर प्रियदर्शनी आली. संकेश्वरकडची, घरी कन्नड बोलणारी. हसणं नाही, गप्पा नाहीत. प्रश्न एकामागून एक, कागदावर ठरवून आणल्यासारखे. कोरडी पोरगी, असं ठरवून अण्णांनी ओठ मिटून घेतले.

रात्री झोपताना किती उशा लागतात, असं तिनं विचारलं. अण्णांचं उत्तर अठरा वर्षं पाठ होतं.

"दोन."

तिनं त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. सुजेत खळगा पडला आणि तसाच राहिला. तिनं पेन खाली ठेवलं.

"ते दर वर्षीचं झालं, अण्णा. काल रात्री किती?"

खरं सांगितलं असतं तर परीक्षेऐवजी भरती व्हावं लागलं असतं, म्हणून आठ दिवस त्यांनी घरीही कुणाला सांगितलं नव्हतं.

"भिंतीला टेकून बसलतो," ते म्हणाले. "आडवं झालं की दम लागतुया."

प्रियदर्शनी उठली आणि परीक्षकांकडं गेली. या पेशंटची परीक्षा थांबवा, असं तिनं सांगितलं. तिची तपासणी निम्मीही झाली नव्हती. नळी तर छातीला लागलीच नव्हती. परीक्षक येऊन बघून गेले. ऑक्सिजन लागला, ट्रॉली आली. ही केस अर्धवट राहिली तर पोरगी नापास होणार, हे अठरा वर्षांच्या अनुभवानं अण्णांना कळत होतं. ते ट्रॉलीवर चढेनात.

"हिचं झाल्याबगर मी न्हाय हलनार."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं आणि तिला पाच मिनिटं दिली. तिनं नळी लावली. अण्णांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. नियम मोडून सांगायला तोंड उघडलं. तिनं मास्क पुन्हा नीट बसवला आणि त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"बोलू नका. दम लागेल."

बराच वेळ ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "झडप आवळलेली आहे, सर."

अण्णा वाट बघत राहिले. गळतीचं ती बोललीच नाही. तिला ती ऐकूच आली नव्हती. मास्कच्या आत अण्णांच्या ओठांपर्यंत शब्द आला होता, पण मनगटावरचा हात अजून तिथंच होता. ते गप्प राहिले. परीक्षकांनी मान हलवून काहीतरी लिहिलं आणि ट्रॉली हलली.

पोरगी काठावर पास झाली.